साडेपाचचा भोंगा आणि गोष्टीचं पहिलं वाक्य

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. वय ४१. प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडे आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी. त्यांचे आजोबा लहानपणी तेलंगणातून आले आणि इथल्या एका कापडगिरणीत मागावर त्यांचं आयुष्य गेलं. मागांच्या आवाजानं त्यांचे कानही गेले. पुढे गिरणी बंद पडली आणि देणी थकली. मागच्या महिन्यात एका वाचनालयाच्या कथाकथनाच्या कार्यक्रमात ताईंनी ही गोष्ट वीस मिनिटं सांगितली. सातव्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या बाईंनी मोबाइल काढला. शेवटी टाळ्या पडल्या, "पण त्या सुटल्याच्या टाळ्या होत्या," असं ताई लिहितात. भाच्यानं त्यांना स्टँडअप कॉमेडीचे व्हिडिओ पाठवले आणि सांगितलं, "मावशी, यांना लोक तास-दीड तास ऐकतात, बघ कसं करतात ते." ताईंनी पंधरा व्हिडिओ पाहिले, वही भरली आणि गोंधळ आणखी वाढला. त्या विचारतात: मला विनोद जमत नाही, आजोबांवर लोकांना हसवणं मनाला पटत नाही, माझी भाषा सोलापुरी आणि त्यातही तेलुगू वळणाची. लोकांना आता धीरच उरला नाही का? पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय, या वेळी दहाच मिनिटं. जाऊ की नको?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या प्रश्नांसाठी आणि दुसऱ्यांदा सहाव्या पानावरच्या एका ओळीसाठी. ती ओळ वाचल्यावर मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. तिच्याकडे येतेच. आधी त्या मोबाइल काढणाऱ्या बाईंचं बघू, कारण त्या तुमच्या मनात फारच घर करून बसल्या आहेत.

त्या सात मिनिटं ऐकत होत्या. त्या सात मिनिटांत तुम्ही काय सांगितलंत, ते पत्रात तुम्हीच ओळीनं दिलंय: आजोबांचं गाव, जिल्हा, जन्मसाल, भावंडं किती, कोणत्या काकांबरोबर आले, कोणत्या पेठेत खोली घेतली, भाडं किती होतं. हे सगळं तुम्हाला प्रिय आहे, कारण आजोबा तुमचे आहेत. त्या बाईंना आजोबा अजून भेटलेच नव्हते. ज्या माणसाची ओळख नाही त्याची वंशावळ कोण लक्षात ठेवील? आपल्याकडची माणसं कीर्तनाला रात्र रात्र बसतात. धीर आहे त्यांच्याकडे. कशासाठी धीर धरायचा, एवढं मात्र त्यांना सुरुवातीलाच कळावं लागतं.

स्टँडअपवाल्यांना हे फार चटकन कळतं आणि ते हुशार असतात म्हणून कळतं असं नाही. त्यांना दर अर्ध्या मिनिटाला निकाल लागतो. हशा आला तर पास, नाही आला तर नापास. कथाकथन करणाऱ्याला ही सोय नाही. आपली माणसं सभ्य असतात, कंटाळा आला तरी मान हलवतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात. त्यामुळे आपली गोष्ट कुठं पडली हे आपल्याला वर्षानुवर्षं कळत नाही. तुम्हाला ते एका संध्याकाळी कळलं आणि तुम्ही ते मान्यही केलंत. पुढचं सगळं काम यावरच उभं राहणार आहे.

तुमच्या वहीत एक वाक्य आहे: "यांना हे उपजतच सुचतं." हे मात्र खोडून टाका. ओपन माइक म्हणून जो प्रकार असतो, तिथं प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात आणि नवा मजकूर त्या चार-पाच मिनिटांत, मोजक्या लोकांपुढे, पुन्हा पुन्हा घासला जातो. अमेरिकेचा ख्रिस रॉक इतका मोठा कलाकार, तरी नव्या दौऱ्याआधी तो लहान क्लबांत जातो, हातात टिपणाचा कागद घेऊन उभा राहतो आणि बरेच विनोद तिथं पडू देतो. पुण्यात मी एका तरुणाला काही महिन्यांच्या अंतरानं तीनदा ऐकलं. पहिल्यांदा भाड्याच्या खोलीचा किस्सा त्यानं आठ मिनिटं सांगितला. त्यात दलाल होता, मालक होता, डिपॉझिट होतं, शेजारी होते. तिसऱ्यांदा तोच किस्सा तीन मिनिटांचा झाला होता आणि त्यात उरली होती फक्त मालकीण आणि तिच्या हातातली किल्ली. सभागृह कोसळलं. बाकीची पाच मिनिटं कुठं गेली, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या कोणाला जाणवलंही नसेल.

आता तुमची ओळ, तुमच्या नानम्माची, म्हणजे आजीची. तुम्ही लिहिलंय: "गिरणी बंद झाल्यावरसुद्धा नानम्मा रोज पहाटे साडेपाचला आजोबांच्या खांद्यावर हात ठेवायची, कारण त्यांना भोंगा ऐकू येत नसल्यामुळे इतकी वर्षं तीच त्यांना उठवत असे."

ताई, तुमची गोष्ट ती हीच. सहा पानांत ती एका वाक्यात आली आणि त्या वाक्यातही उलटी आली. आधी फळ दिलंत, मग झाड दाखवलंत. ऐकणारा "कारण"पाशी पोचतो तेव्हा जे वाटायचं ते वाटून गेलेलं असतं, उरतो तो नुसता खुलासा. स्टँडअपवाला या वाक्याला काय करील? तो "कारण"नंतरचा भाग उचलून पार सुरुवातीला नेऊन ठेवील, अगदी साधेपणानं, त्यात काही विशेष आहे असं भासू न देता. मग लोकांना दुसरीकडे फिरवून आणील. आणि शेवटी तोच हात, तोच खांदा, तीच वेळ पुन्हा समोर ठेवील. तेव्हा खुलासा करावा लागणार नाही, कारण तो लोकांच्या खिशात आधीच असेल.

त्यांच्या बोलीत याला कॉलबॅक म्हणतात. आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेतात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी फिरून त्याच अभंगावर येतात. शब्द तेच असतात, पण आता ते वेगळे ऐकू येतात. लावणी आणि कीर्तन या दोन्ही गोष्टींत ज्यांचं नाव झालं ते राम जोशी तुमच्याच सोलापूरचे. तेव्हा ही विद्या व्हिडिओतून शिकताना आपण काही बाहेरून उसनं आणतोय असं मनात आणू नका.

तुमची सुरुवात कशी होऊ शकेल, ते मी तुमच्याच पत्रातले शब्द घेऊन मांडून बघते:

"पहाटे साडेपाचला गिरणीचा भोंगा व्हायचा. अख्खी पेठ जागी. आमचे तात झोपलेले. सव्वीस वर्षं मागावर काढली होती, कान गिरणीतच राहिले. मग नानम्मा चुलीपासून उठायची, आत यायची आणि तातांच्या खांद्यावर हात ठेवायची. हाक नाही, हलवणं नाही. नुसता हात."

बघा, अर्ध्या मिनिटात गिरणी आली, वेळ आली, माणूस आला, त्याचे कान गेलेले कळले आणि दोघांचं नातंही कळलं. जन्मसालाची आठवणसुद्धा कोणाला होत नाही.

यात एक बारकावा आहे. मला वाटतं, मराठीत बोलणाऱ्यांनी तो इंग्रजी व्हिडिओ पाहून नाही, आपल्याच कानानं शिकायला हवा. विनोद असो की दुःख, ज्या शब्दानं चटका बसतो तो वाक्यात शेवटी यावा लागतो. त्याच्यानंतर काही आलं की ते चटक्यावर पाणी. पण मराठीत वाक्याच्या शेवटी बसतं क्रियापद. "आजीचा हात आजोबांच्या खांद्यावर पडत असे." यात हात कुठल्या कुठं गेला आणि कानात राहिलं "पडत असे." बोलताना मात्र आपण सर्रास वाक्य फिरवतो: "साडेपाच झाले, की खांद्यावर यायचा नानम्माचा हात." किंवा क्रियापद गाळूनच टाकतो: "डबा भरलेला. सदरा घातलेला. आणि गिरणी बंद." लिहून पाठ केलेली गोष्ट स्टेजवर मरते, ती बहुतेक वेळा यामुळेच. कागदावरची वाक्यं "होते", "असे", "आले" यांवर संपत राहतात आणि ऐकणाऱ्याच्या कानावर तोच तो ठोका पडत राहतो. तुमच्या वहीतलं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य मोठ्यानं म्हणा आणि शेवटचा शब्द कोणता येतो तेवढं बघा.

दुसरी गोष्ट डेसिबलची. मागांच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो, हे तुम्ही भाषणात सांगितलंत. आकडा बरोबर आहे. पण आकड्यानं कोणाचे कान बधिर होत नाहीत. तुम्हीच पुढं कंसात लिहिलंय, की मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून कामगार ओठांवरून आणि हाताच्या खुणांनी बोलायचे. "पाणी आण", "मुकादम येतोय", "दोरा तुटला" या सगळ्यांच्या खुणा होत्या आणि त्या तुम्हाला अजून येतात! हे कंसात? ताई, हे स्टेजवर करून दाखवा. सांगू नका, करा. आवाज पूर्ण बंद, ओठ हलतायत, हात बोलतायत, पाच सेकंद. सभागृह पुढं झुकेल, कारण लोकांना ऐकू येईनासं झालेलं असेल आणि क्षणभर ते तातांच्या जागी बसतील. स्टँडअपवाले "मग तो म्हणाला, मग मी म्हणाले" असं करत बसत नाहीत, ते त्या माणसाची मान, खांदा, नजर उचलतात आणि तो माणूसच होतात. लक्ष्मण देशपांडे यांनी एकपात्री प्रयोगात एकट्यानं पन्नासहून अधिक पात्रं उभी केली, तीही अशीच, मानेच्या एका वळणावर. तुम्हाला दोनच पात्रं करायची आहेत.

आता हसण्याचा प्रश्न. "आजोबांवर लोकांना हसवणं पटत नाही" ही तुमची अडचण मला मनापासून पटली आणि तिचा मान ठेवूनच बोलते. तुम्ही असं धरून चाललाय की स्टँडअपकडून शिकायचं म्हणजे विनोद घालायचे. विनोद घालू नका. बाहेरून घातलेला विनोद चादरीला लावलेल्या ठिगळासारखा लांबूनच दिसतो. पण तुमच्या पत्रात एक प्रसंग असा आहे की लोक हसणारच आणि त्यात तातांचा मान तसूभरही कमी होत नाही. संक्रांतीच्या गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या जत्रेला, तुम्ही सगळे गेला होतात. होम मैदानावर पाळण्यांचा आवाज, कर्णे, पिपाण्या. प्रत्येक घरातली माणसं एकमेकांच्या नावानं घसा फोडून ओरडतायत आणि कोणाचं कोणाला ऐकू येत नाहीये. आणि तात पाळण्यापाशी, नानम्मा लांब भांड्यांच्या दुकानापाशी, मधे हजार माणसं, तरी दोघांचं निवांत बोलणं चाललंय, हातांनी. नानम्मा विचारतेय, "पोरगी कुठाय?" तात सांगतायत, "माझ्या खांद्यावर." त्या गर्दीत ऐकू येणारे सगळे बहिरे आणि एकटे तात ऐकू येणारे! इथं हसू येतं ते आपल्यासारख्या कानवाल्यांवर. मी प्रत्येक विनोदाला हाच एक प्रश्न लावते: हसणाऱ्याचं बोट कोणाकडे आहे? बोट तातांकडे गेलं तर तो प्रसंग काढून टाका. स्वतःकडे, गर्दीकडे, परिस्थितीकडे गेलं तर ठेवा.

आणि पोरगी खांद्यावर होती, हे लक्षात आलं ना? खांदा दुसऱ्यांदा आला. लोकांच्या ध्यानात येणार नाही, पण तो आत जाऊन बसेल.

हसण्याबद्दल आणखी एक. ऑस्ट्रेलियाच्या स्टँडअप कलाकार हॅना गॅड्सबी यांचा एक कार्यक्रम २०१८ साली नेटफ्लिक्सवर आला. त्यात बसथांब्यावरचा एक किस्सा त्या सुरुवातीला हसू येईल असा सांगतात आणि बऱ्याच वेळानं त्याच किश्श्याचा खरा, मारहाणीचा शेवट सांगतात. विनोदासाठी आपल्याला तो शेवट कापावा लागला होता, हे त्या स्पष्ट बोलून दाखवतात. तुम्ही व्हिडिओ पाहताय तर हाही पाहा. हसवण्यासाठी ताण उभा करावा लागतो आणि हशा तो ताण सोडवतो, हे त्यात त्या समजावूनच सांगतात. ताण सोडवायचा की तसाच ठेवायचा, हे मात्र आपण ठरवायचं. गड्ड्यावर लोकांना हसू द्या. शेवटच्या हातापाशी सोडवू नका.

थकलेल्या देण्यांचं काय करायचं, हा मला सगळ्यांत अवघड वाटलेला भाग आहे. तुम्ही त्यावर पाच मिनिटं बोललात आणि त्या पाच मिनिटांत तुमचा आवाज चढला असणार, हे पत्रातल्या अक्षरावरूनही दिसतं. राग खरा आहे. पण दहा मिनिटांत दोन गोष्टी मावत नाहीत आणि राग एकदा सभागृहात आला की हाताची माया ऐकू येत नाही. माझं मत विचाराल तर या वेळी देण्यांना एकच वाक्य द्या, कोरडं, आकड्यासकट, विशेषण न लावता, आणि पुढं चला. पण रात्री झोप उडवणारी गोष्ट देण्यांचीच असेल, तर मग या वेळी हात बाजूला ठेवा आणि देण्यांचीच गोष्ट सांगा, पहिल्या वाक्यापासून. हे तुमच्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही. दोन्ही एकत्र मात्र नको.

भाषेबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं. वहीत तुम्ही दोन रकाने केलेत, डावीकडं आपला शब्द, उजवीकडं "शुद्ध" शब्द. तातांना घरात "तात" म्हणायचात, पण लोकांना कळावं म्हणून कार्यक्रमात "आजोबा" म्हणालात. म्हणजे लोकांना भेटले ते कोणाचेही आजोबा. तुमचे तात भेटलेच नाहीत. इंदूरचे स्टँडअप कलाकार झाकीर खान ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या सभागृहात उभे राहिले आणि पूर्ण कार्यक्रम हिंदीत केला, आपल्या गावाकडच्या वळणाच्या हिंदीत. तुम्हाला तर सोलापुरात, सोलापूरकरांपुढे बोलायचंय! शेजारीण दारातून "काय करूलालात?" म्हणते तेव्हा ती तसंच म्हणू दे. "आपण काय करीत आहात?" म्हणणारी शेजारीण तुमच्या पेठेत कधी राहिली नाही. तात, नानम्मा हे शब्द बिनधास्त वापरा आणि अर्थ सांगत बसू नका. तिसऱ्या वाक्यापर्यंत तो कळतोच. निवेदन तुमच्या वर्गातल्या मराठीत राहिलं तरी चालेल, माणसांच्या तोंडची वाक्यं मात्र त्यांचीच असू देत.

सरावासाठी सोलापुरात ओपन माइक शोधत फिरायची गरज नाही. तुमच्यापुढं रोज चौथीचा वर्ग बसतो आणि त्याच्याइतका प्रामाणिक श्रोता कुठल्या क्लबात मिळायचा नाही. मूल कंटाळलं की सरळ बेंचखाली वाकतं. त्यांना गड्ड्याचा प्रसंग सांगा, तेवढाच. मग गिरणीत काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला पूर्ण गोष्ट सांगा, त्या खुणा चुकल्या असतील तर ते दुरुस्त करतील. मग ज्याला गिरणी म्हणजे काय हेच माहीत नाही अशा कोणाला तरी सांगा, भाच्याच्या मित्राला सांगा. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर किंवा दारात माणसं बसतातच, तिथं सांगा. पाच-सहा वेळा तरी झाली पाहिजे. दरवेळी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि "कशी वाटली?" असं कोणाला विचारू नका, कारण सगळे "छान" म्हणतील. दुसऱ्या दिवशी विचारा, "काल मी काय सांगितलं होतं?" त्यांना जे आठवेल ते ठेवा. जे कोणालाच आठवणार नाही, ते कितीही लाडकं असलं तरी कापा. रेकॉर्डिंग ऐकताना जिथं तुम्ही घाईनं बोलताय तिथं खूण करा. तिथं बहुधा तुमचाच विश्वास कमी पडलेला असतो.

निवृत्तीच्या समारंभात बोलायचंय, वडिलांच्या पंच्याहत्तरीला बोलायचंय, अशी पत्रंही माझ्याकडं येतात. त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. "त्यांचा जन्म अमुक साली" इथून सुरू करू नका, त्या माणसाच्या एका सकाळपासून करा.

शेवटाबद्दल थोडं कडक बोलते. तुमच्या भाषणाचं शेवटचं वाक्य होतं, "अशी होती ती पिढी, आज आपण त्यांच्याकडून शिकायला हवं." ते काढा. स्टँडअपवाले हशावर बोलत नाहीत, तो विरेपर्यंत थांबतात. तसं शांततेवरही बोलायचं नसतं. "गिरणी बंद झाली. भोंगा बंद झाला. पेठ उशिरापर्यंत झोपायला लागली. आमच्या घरात मात्र पहाटे साडेपाचला, तातांच्या खांद्यावर," आणि इथं शब्दही नको. तुमचा स्वतःचा हात हवेत उचला, नसलेल्या खांद्यावर ठेवा आणि दोन श्वास तसाच राहू द्या. मग नमस्कार करून खाली या. लोकांना टाळ्या वाजवायला उशीर होईल. त्या उशिरानं घाबरू नका.

तेव्हा जा, नक्की जा. आणि आयोजकांना आजच फोन करून सांगा की हातातला माइक नको, कॉलरचा द्या, नाहीतर स्टँड लावा. या गोष्टीला तुमचे दोन्ही हात मोकळे लागणार आहेत.